अंदमानास आगबोटीने

पालेगावाहून समुद्र दिसत नाही. अंबरनाथच्या पूर्वेस असलेल्या या आमच्या गावी गेल्या काही वर्षांत शेतांच्या जागी ताडमाड इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील एकीच्या नवव्या मजल्यावर, दोन बिऱ्हाडांमधली भिंत काढवून, आमचे एकत्र कुटुंब नांदते. गच्चीवर गेले की मलंगगडाचे सुळके दिसतात. जवळचे वाहते पाणी म्हणावे तर वालधुनी, आणि तिची आजची अवस्था ज्याने पाहिली आहे तो तिला नदी म्हणताना क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही. तिच्याच काठी अंबरनाथाचे शिवालय आहे. त्याच्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ कोरलेला आहे. ज्या शिलाहार राजांच्या अमदानीत ते उभे राहिले ते मात्र समुद्राचे धनी होते. त्यांचा अखेरचा राजा सोमेश्वर यादवांशी झुंजता झुंजता समुद्रातच बुडाला, आणि बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर कोरलेले नौकायुद्ध त्याच लढाईचे असावे असे विद्वान मानतात. तेव्हा आमच्या या मुलखाचा समुद्राशी अगदीच संबंध नाही असे म्हणवत नाही. तो साडेसातशे वर्षांपूर्वी तुटला, आणि आमच्या घरापुरता पुन्हा जडला तो २०२२ सालच्या आषाढात.

निमित्त झाले आमच्या वडील बंधूंच्या डोळ्यांचे. दादांचे वय झाले होते. सारा जन्म पोस्टात गेला, पत्रांवरचे नाना तऱ्हेचे हस्ताक्षर वाचण्यात डोळे झिजले असे ते विनोदाने म्हणत. पण झिजणे निराळे आणि काचबिंदू निराळा. या रोगाची खोड अशी की तो दुखत नाही, खुपत नाही. दृष्टी कडेकडेने खात येतो, आणि माणसास उमगते तेव्हा बरीचशी खाऊन झालेली असते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, गेली ती परत यावयाची नाही. थेंब नेमाने घातले तर उरली आहे ती राखता येईल. दादांनी सारे निमूटपणे ऐकून घेतले. सायंकाळी झोपाळ्यावर बसले असता म्हणाले, "बाकी काही पाहिले नाही तरी चालेल. अंदमान पाहावयाचे राहिले आहे." आणि जरा वेळाने, "तेही बोटीतून. ते लोक गेले तसे."

एकत्र कुटुंबात एखादी इच्छा कोणाच्या तोंडून बाहेर पडली की ती त्याची एकट्याची राहत नाही. दुसऱ्याच दिवसापासून आमच्या घरी पक्ष पडले. पुतण्याचे म्हणणे, काकांनी व बाबांनी सरळ विमानाने जावे. चेन्नईहून सुमारे दोन तासांत पोहोचता येते, मग तीन दिवस पाण्यावर हेलकावे खाण्याचा अट्टाहास कशाला? त्याने आम्हांस आमच्याच शस्त्राने कोंडीत पकडले. "तुम्हीच शिकवलंत ना काका, रघुवंशाच्या तेराव्या सर्गात रामाने सीतेला समुद्र दाखवला तो पुष्पक विमानातून?" गोष्ट खरी होती. चाळीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविताना हा सर्ग आम्ही कितीदा समजावून दिला असेल, पण कालिदासाने समुद्र वरून दाखविला हे असे अंगावर येईल याची कल्पना नव्हती. उत्तर दादांनी दिले. ते म्हणाले, "राम घरी परत निघाला होता. त्याला पुष्पक शोभते."

पुतण्याने मग दुसरी बाजू घेतली. बोटच हवी ना? तर मुंबईहूनच निघणारी का नको? २०२१ च्या सप्टेंबरापासून एका खाजगी कंपनीची अकरा मजली बोट मुंबईहून गोवा व लक्षद्वीपच्या बाजूस जाऊ लागली होती. तिची चित्रे त्याने आम्हांस मोबाइलवर दाखविली. पोहण्याचा तलाव, नाटकगृह, दुकाने, रात्रभर गाणी. आमच्या कुटुंबास ती चित्रे आवडली असे त्यांच्या गप्प बसण्यावरून आम्ही ताडले. पण जो जो माहिती वाचावी तो तो एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. या प्रकारच्या सफरीत बोट हेच मुक्कामाचे स्थळ असते. बेट हे निमित्त. चार-पाच दिवसांत बेटावर पाय टेकावयाचे ते काही तासच, आणि हवा बिघडली तर तेही नाही. ज्यांना विसावा हवा, नातवंडांना मौज हवी, त्यांनी अशा बोटीने अवश्य जावे. त्यांत कमीपणा काही नाही. आम्हांस जे पाहावयाचे होते ते त्या वाटेवर नव्हते, इतकेच.

तरी लक्षद्वीपाचा मोह सहजी सुटेना. छत्तीस बेटे, पैकी वस्ती दहांवर, आणि साऱ्यांचे मिळून क्षेत्रफळ अवघे बत्तीस चौरस किलोमीटर! प्रवाळाच्या किड्यांनी युगानुयुगे रचलेली ती कडी, त्यांच्या आत उथळ, हिरवट निळ्या पाण्याची खाजणे. तेथील प्रशासनाची 'समुद्रम्' नावाची एक पाच दिवसांची सफर कोचीहून निघते. रात्र बोटीवर, दिवस बेटावर. आज कवरत्ती, उद्या कल्पेनी, परवा मिनिकॉय. राहण्याची सोय बेटावर शोधावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. मिनिकॉयचा दीपस्तंभ १८८५ सालचा आहे, आणि तेथील लोक इतर बेटांप्रमाणे मलयाळम न बोलता महल बोलतात, जी मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण होय. आम्ही भाषेचे शिक्षक. आम्हांस त्या एका गोष्टीसाठीही जावेसे वाटले. बाहेरच्या माणसास तेथे जाण्यास परवाना लागतो, पोलिसांचा दाखला लागतो. तेही सारे केले असते.

घोडे अडले ते निराळ्याच ठिकाणी. आमचे एक जुने सहशिक्षक ही सफर करून आले होते. त्यांनी सांगितले की प्रवाळाच्या कड्यामुळे मोठी बोट पुष्कळदा बेटापासून दूर, खोल पाण्यात नांगर टाकते. मग तिच्या कुशीतले दार उघडतात, खाली एक लहान होडी येऊन लागते, आणि लाटेबरोबर ती वर आली की तेवढ्या क्षणात पाय टाकावयाचा. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात, भीती नाही. पण पाऊल कोठे पडते ते दिसले पाहिजे. दादांस समोरचे दिसते, पायांजवळचे दिसत नाही. पायरी उतरतानासुद्धा ते मान वाकवून शोधतात. सहशिक्षक बोलत होते तेव्हा दादा तेथेच बसले होते. त्यांनी हळूच चष्मा काढून पुसला, आणि लक्षद्वीपाचा विषय त्या दिवशी मिटला. उलट, अंदमानची बोट हॅडोच्या धक्क्याला सरळ लागते, शिडीवरून कठडा धरून उतरता येते, असे कळले. म्हणजे ज्याला आम्ही हट्ट समजत होतो तोच मार्ग दादांना अधिक सोपा ठरत होता.

येथे एका जुन्या गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत समुद्रयान हा वादाचा विषय होता. बौधायनाने समुद्रसंयान हे पातकांत गणले आहे. त्याच बौधायनाने उत्तरेकडील लोकांचे निराळे आचार सांगताना समुद्रावर जाण्याचा उल्लेख केला आहे, हे मात्र कोणी फारसे बोलत नसे. पुढे निबंधकारांनी तर कलिवर्ज्यांत टाकून ते दारच लावून घेतले. आणि आमच्यापासून तीन स्टेशनांवर असलेल्या कल्याणात १८६५ साली जन्मलेली एक मुलगी, आनंदीबाई जोशी, १८८३ साली कोलकात्याहून बोटीत बसून अमेरिकेस गेली व १८८६ साली डॉक्टर झाली! शास्त्रार्थ करणारे करीत राहिले. 'काळे पाणी' हा शब्द कैद्यांच्या मनात जो धाक उत्पन्न करी, त्यात अंतराइतकाच या धर्मबहिष्काराचाही वाटा होता. सरकारने तो ओळखून वापरला.

आमच्या घरात शास्त्राची अडचण कोणासच नव्हती. अडचण होती आमच्या मातोश्रींची, आणि ती कोणत्याही स्मृतीत सापडणारी नव्हती.

आईचे माहेर रेवसजवळचे. १९४७ साली ती आठ वर्षांची होती. तिचे वडील मुंबईस एका पेढीवर लिहिणावळ करीत आणि सणावारी बोटीने घरी येत. त्या वर्षी दिव्याच्या अवसेला येतो असे त्यांचे पत्र आले होते. १७ जुलैच्या सकाळी आई आपल्या आजोबांबरोबर बैलगाडीतून रेवसच्या धक्क्यावर गेली. पाऊस आणि वारा असा की उभे राहवेना. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून सकाळी आठच्या सुमारास निघालेली 'रामदास' बोट आलीच नाही. काशाच्या खडकाजवळ ती कलंडली व बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोळ्यांनी आपल्या होड्यांतून जी उचलता आली ती उचलली. मग धक्क्यावर बातम्या येऊ लागल्या, एकीशी दुसरीचा मेळ नाही अशा. आई सांगते, पहिल्या दिवशी बायका रडत होत्या, दुसऱ्या दिवशी कोणी रडत नव्हते. घरी तिच्या आईने अवसेचे मांडलेले दिवे विझू दिले नाहीत. तेल घालीत बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी पनवेल-पेणच्या वाटेने, चिखलाने माखलेले, तिचे वडील घरी आले. हिशेब पुरा करून जा म्हणून मालकाने त्यांना अडवून ठेवले होते. ते त्या बोटीत चढलेच नव्हते.

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि शेवट गोड असल्यामुळे तिचा आम्हांस कधी विषाद वाटला नव्हता. आई मात्र त्यानंतर पंचाहत्तर वर्षांत एकदाही बोटीत बसली नाही. घारापुरीलासुद्धा आली नाही.

अंदमानचे ऐकून ती प्रथम काहीच बोलली नाही. बोटीची वर्णने चालत तेव्हा ती वाती वळीत बसे. एके दिवशी तिने विचारले, "तीन दिवस लागतात म्हणता. रोज फोन कराल ना?" आता खरे सांगणे भाग पडले. किनारा सुटला की फोन लागत नाही. बेटे जवळ येईपर्यंत काही कळावयाचे नाही. तिने हातातली वात खाली ठेवली. "म्हणजे तीन दिवस मी पुन्हा तसंच बसायचं?"

यास उत्तर नव्हते. दादांनी त्या रात्री आम्हांस बाजूस घेऊन सांगितले की बेत रद्द करू. डोळ्यांचे काय, ते असेही जाणारच. आम्ही सकाळपर्यंत जागे होतो. एकीकडे थोरल्या मुलाची मावळती दृष्टी, दुसरीकडे त्र्याऐंशी वर्षांच्या आईचे तीन दिवस. कोणाचे पारडे जड म्हणावे? शेवटी गणेशचतुर्थीच्या आधी, मोदकांची तयारी चालली असता, आईनेच आमच्या सूनबाईस सांगितले, "त्यांना म्हणावं, जा. थोरला कधी काही मागत नाही." आणि पुढे पुन्हा त्या विषयावर ती बोलली नाही.

वाचकांपैकी कोणाचा असा बेत असल्यास चार व्यवहाराच्या गोष्टी येथे सांगून ठेवतो. अंदमानास बोटी चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम येथून जातात. अंतर तिन्हीकडून बाराशे किलोमीटरांच्या आसपास. वेळ तीन दिवसांच्या आतबाहेर. कोलकात्याच्या बोटीस हुगळी नदीची भरती-ओहोटी सांभाळावी लागते. विशाखापट्टणमच्या फेऱ्या थोड्या. म्हणून आम्ही चेन्नई धरली. या बोटी सफरीसाठी नाहीत, बेटांवरच्या रहिवाशांच्या येण्याजाण्यासाठी आहेत, हे मनाशी पक्के ठरवून मगच तिकीट काढावे. तारखा आगगाडीसारख्या वर्षभर ठरलेल्या नसतात. सर्वांत स्वस्त ते बंक, म्हणजे खालच्या मोठ्या दालनात एकावर एक फळ्या, त्यावर केबिनी. म्हाताऱ्या माणसांनी पैसा वाचवू नये, केबिनच घ्यावी, आणि मिळाल्यास बोटीच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तेथे हेलकावा कमी लागतो. उलटीची गोळी उलटी झाल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी घ्यावयाची असते. वर्षाचे म्हणाल तर जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत बंगालचा उपसागर बराचसा शांत असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर वादळांचे दिवस. आम्ही संक्रांत करून निघालो.

निघताना आईने दादांच्या हातात एक असोला नारळ दिला. "खोल पाणी लागलं की सोड." आमच्या कुटुंबाने डब्यांत तिळाचे लाडू, मेतकूट, आलेपाक असा सरंजाम घेतला होता, तो पाहून पुतण्या म्हणाला की सावरकरांना एवढे मिळते तर ते सुटून येण्याची घाई करते ना. वहिनींनी त्यास दटावले. कल्याणला आम्ही चौघांनी चेन्नईची गाडी धरली.

बोटीवरील पहिली रात्र चांगली गेली नाही. यंत्राची धडधड उशीतून कानात येई, आणि रंगाचा व तेलाचा एक मिश्र वास नाकातून हलेना. आमच्या कुटुंबाने सकाळी जाहीर केले की परतीला विमान नसेल तर त्या अंदमानातच राहतील. दादा मात्र पहाटे उठून, आमच्या खांद्यावर हात ठेवून, वर आले. पूर्वेस उजाडत होते. जमीन कोठेच नव्हती. पाणी किनाऱ्याजवळ हिरवट होते ते आता निळे नव्हे, काळपट झाले होते. 'काळे पाणी' हा शब्द केवळ अलंकारिक नसावा असे वाटून गेले. दादांनी नारळ सोडला. तो खाली पडला तो त्यांना दिसला नाही. "गेला का?" म्हणून त्यांनी विचारले, आणि आम्ही, "तरंगतो आहे," असे सांगितले.

बोटीवर आमच्या शेजारच्या केबिनीत पोर्ट ब्लेअरचे एक बंगाली कुटुंब होते. त्यांचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून अंदमानात आले, तेथेच जंगल तोडून भातशेती केली. त्यांच्या लेखी काळे पाणी म्हणजे चेन्नईचे इस्पितळ. घर म्हणजे अंदमान. त्यांच्या सासूबाईंनी वहिनींना मुरमुऱ्याचे लाडू दिले, वहिनींनी तिळाचे दिले, आणि भाषा एकमेकींची येत नसता दोघी दोन दिवस बोलत होत्या. जेवणास भात, सांबार, कोबीची भाजी. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही, एवढे सांगतो. पंख असलेले मासे पाण्यातून उडून पुन्हा पाण्यात शिरताना आम्ही तिसऱ्या दिवशी पाहिले. दादांसाठी ते फार चपळ होते.

तीन दिवस खिशातील मोबाइल मुका होता. आम्ही दिवसातून चार वेळा तो काढून पाहत असू, आणि दादा आम्हांस विचारीत, "नाही ना?" दोघांच्याही मनात एकच घर होते.

चौथ्या सकाळी बेटे दिसली. प्रथम ढग वाटले, मग गडद हिरवी डोंगरांची रांग. पाचशेंहून अधिक बेटांच्या या समूहात वस्ती थोड्यांवरच आहे. उत्तर सेंटिनेलसारख्या बेटावर तर जाण्यास कायद्यानेच बंदी, कारण तेथील लोकांना बाहेरचे जग नको आहे, आणि बाहेरच्या रोगांपुढे त्यांचा टिकाव लागावयाचा नाही. बंदराच्या तोंडाशी रॉस बेट लागते. १९४१ च्या भूकंपापर्यंत इंग्रजांचा सारा कारभार तेथून चाले. २०१८ पासून त्यास नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. पलीकडे नॉर्थ बेचा दीपस्तंभ. जुन्या तांबड्या वीसच्या नोटेच्या पाठीवर जो नारळीचा देखावा आहे तो इकडचाच. आणि या साऱ्याच्या मध्ये, उंचवट्यावर, फिकट रंगाची एक लांबट भिंत.

दादा कठड्याशी उभे होते. त्यांचे डोळे आता नळीतून पाहावे तसे पाहतात. नळी नेमकी रोखली गेली तर दिसते, एरवी नाही. "कुठे आहे?" आम्ही हाताने दाखविले, ते व्यर्थ. शेवटी त्यांची हनुवटी दोन बोटांनी धरून, लहान मुलाची वळवावी तशी, किंचित डावीकडे वळविली. "आता वर." काही क्षण ते हलले नाहीत. मग म्हणाले, "तीन मजले आहेत. खिडक्यांचे ठिपके दिसतात." ४ जुलै १९११ रोजी 'महाराजा' नावाच्या बोटीतून बेड्या घातलेला एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण याच बंदरात आला होता, पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन. दादा ते बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

त्याच वेळी खिशातील मोबाइल थरथरला.

पलीकडून पहिल्याच घंटेस सूनबाईंनी उचलला, आणि आईच्या कानाशी धरला असावा. "पोचलात?" आम्ही हो म्हटले. "थोरला?" दादांच्या हाती फोन दिला. ते एवढेच म्हणाले, "आई, दिसलं." बरे वाटले का, काही खाल्ले का, थंडी आहे का, असे नेहमीचे प्रश्न झाले. नंतर सूनबाईंकडून कळले की तीन रात्री देवापुढची समई विझली नव्हती. झोपा म्हटले तर आई म्हणे, तेल बघायला हवं.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधला गेला. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सात इमारती निघत. आज तीनच उरल्या आहेत. एका जागी पुढे इस्पितळ झाले. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी उरलेला भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला. प्रत्येक इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे आहे, म्हणजे कैद्यास समोर दिसावी ती भिंतच. माणसाचा चेहरा दिसू नये. रचणाऱ्याच्या बुद्धीचे कौतुक करावे की तिची शिसारी यावी हे कळत नाही. गणेश व विनायक हे दोघे सख्खे सावरकर बंधू याच तुरुंगात होते. एका आवारात असून भेट दुर्मिळ. दोघे भाऊ मिळून तेथे गेलेले आम्ही, हे वाचून क्षणभर एकमेकांजवळ सरकलो.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकास आहे. जिना चढताना दादा एकेक पायरी पायाने चाचपीत होते, पण त्यांनी हात धरू दिला नाही. कोठडी साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद. उंचावर एक झरोका. इतर यात्रेकरू दारातून पाहून, फोटो घेऊन पुढे जात होते. दादा आत गेले, भिंतीवरून हात फिरवीत एक फेरी घातली, आणि मग बाहेर येऊन दाराचा अडसर चाचपू लागले. तेव्हा आमच्या ध्यानात आले ते आम्हांस डोळ्यांनी दिसले नव्हते: कडीचा दांडा दारापासून दूर, भिंतीतल्या एका खोबणीत जाऊन अडकतो. आतल्या माणसाने गजांतून कितीही हात लांबविला तरी तो तेथे पोहोचत नाही. दादांनी ती खोबण दोनदा, तीनदा बोटांनी पाहिली. "इथपर्यंत विचार केला होता," ते म्हणाले.

आपण मराठी माणसे तेथे एक नाव घेऊन जातो. ते स्वाभाविक आहे. पण भिंतीवरील फलकांवर बंगालची व पंजाबची नावे दाटीने लिहिलेली आहेत, ती सवड काढून वाचावी. १९१२ साली गळफास घेतलेला इंदुभूषण रॉय, छळाने भ्रम पावलेला उल्हासकर दत्त, १९३३ च्या उपोषणात गेलेले महावीरसिंग, मोहनकिशोर नामदास व मोहित मैत्र. त्याही आधी, १८५७ च्या उठावातील दोनशे कैद्यांची पहिली तुकडी १० मार्च १८५८ रोजी या किनाऱ्यावर उतरविली गेली. त्यांतील बहुतेकांची नावे कोणास ठाऊक नाहीत. संध्याकाळी तेथे ध्वनी व प्रकाश यांचा खेळ होतो. या बेटांवर घड्याळ आपलेच, सूर्य मात्र पुष्कळ पूर्वेचा. जानेवारीत साडेपाचच्या आतच तो मावळतो. अंधार पडल्यावर दादांना काहीच दिसत नव्हते. त्यांनी डोळे मिटून सारा खेळ ऐकला.

पुढील चार दिवसांचे वर्णन लांबवीत नाही. नीलचे, म्हणजे आताच्या शहीद द्वीपाचे, पाणी फार सुंदर आहे. आमच्या कुटुंबाचा बोटीवरचा राग तेथे गेला. आम्ही असतानाच, २३ जानेवारी २०२३ रोजी, अंदमान-निकोबारच्या एकवीस बेटांना परमवीरचक्र मिळविणाऱ्या वीरांची नावे देण्यात आली. नावे बदलण्याचा तो ओघ पुढेही चालू राहिला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात खुद्द पोर्ट ब्लेअरचे श्रीविजयपुरम् झाले. परतताना आम्ही विमानाने आलो. खिडकीची जागा दादांना दिली होती. त्यांनी ती वहिनींना दिली.

घरी आल्यावर आईने सारे विचारून घेतले. केवढी बोट, किती माणसे, दार कोठे, कठडा केवढा उंच. असे दोन-तीन दिवस गेले. मग एका दुपारी तिने पुतण्यास विचारले, "रेवसला हल्ली कशाने जातात रे?"

त्याने सांगितले की २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यापर्यंत अशी बोट जाते की आपली मोटारच आत घालता येते; आजीला पायरीही उतरावी लागणार नाही. माघात, एका स्वच्छ दिवशी, आम्ही तिला नेले. तासाभराच्या प्रवासात ती मोटारीतून उतरली नाही. काच मात्र खाली करून घेतली होती. मांडव्याहून रेवस जवळच. धक्क्याच्या कडेला ती दादांच्या काठीचा आधार घेऊन उभी राहिली. दादांनी तिचा आधार घेतला होता असे म्हटले तरी चालेल. ओहोटी होती. कोळणी जाळी वाळवीत होत्या.

"मी इथं उभी होते," ती म्हणाली. "आजोबा तिकडं, गाडीपाशी." आणि थोडा वेळ गेल्यावर, "चला, चारची बोट चुकेल."